स्टीलर्स आणि कॉर्नरबॅक: 1987 नंतर आपला असा एकही का नाही?

पोलादपूरकर

2025 च्या उन्हाळ्यात अमेरिकन फुटबॉलमधल्या आपल्या स्टीलर्स टीमने ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) करून कॉर्नरबॅक जेलन रॅम्झीला आणल्यापासून इथल्या पिट्सबर्गच्या मराठी ग्रुपवर नुसता जल्लोष चालू आहे. कॉर्नरबॅक, म्हणजे कॉर्नर, हा समोरच्या रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) अडवणारा माणूस. डॅरियस स्ले आधीच आला होता, जोई पोर्टर ज्युनियर तर घरचाच. कागदावर ही तिकडी कुणालाही भारी पडेल. तरीही धागा काढतोय, कारण इतकी वर्षं ही टीम बघताना एक गोष्ट सतत सलत आली आहे आणि या ट्रेडने ती पुन्हा वर आली.

रॅम्झी तिशीचा, स्ले चौतिशीचा. एकाला जॅक्सनव्हिलने घडवलं, दुसऱ्याला डेट्रॉइटने. त्याआधी जो हेडन आला तो क्लीव्हलँडने सोडल्यावर, स्टीव्हन नेल्सन कॅन्सस सिटीहून, डाँटे जॅक्सन कॅरोलायनाहून. पॅट्रिक पीटरसन आला तेव्हा त्याचे ॲरिझोनातले सोन्याचे दिवस मागे पडले होते. स्टीलर्सनी स्वतः ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडून, शिकवून, लीगच्या पहिल्या दोन-तीनांत नेऊन बसवलेला शेवटचा कॉर्नर कोण? रॉड वुडसन. ड्राफ्ट 1987 चा, पहिला राउंड, दहावा पिक. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता चाळिशीकडे आली.

आणि हा प्रश्न ज्या टीमला पडलाय ती कोण? जिच्या मेल ब्लाउंटमुळे लीगला नियम बदलावा लागला ती. ब्लाउंट 1970 चा, तिसऱ्या राउंडचा. सहा फूट तीन इंच उंच, आणि रिसीव्हरला मैदानभर धक्के देत त्याची वाटच मोडून टाकायचा. 1975 ला 11 इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच पकडणं) घेऊन तो वर्षातला सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू झाला. 1978 पासून पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला हात लावायचा नाही असा नियम आला, त्याला लोक अजून ब्लाउंटच्याच नावाने ओळखतात.

वुडसननंतरचा हिशोब बघा. 1997 ला चॅड स्कॉट पहिल्या राउंडमध्ये. त्यानंतर थेट 2016 ला आर्टी बर्न्स. मधल्या 18 ड्राफ्टमध्ये पहिल्या राउंडला एकही कॉर्नर नाही. डेशे टाउनझेंड, आइक टेलर चौथ्या राउंडचे, विल्यम गे पाचव्या. या तिघांबद्दल मला मनापासून आदर आहे, 2008 ची सुपर बोल जिंकणाऱ्या टीममध्ये तिघेही होते. पण समोरच्या टीमने ज्याच्या बाजूला बॉल टाकायचाच नाही असं ठरवावं, असा त्यांच्यात कोणी नव्हता.

"पिट्सबर्गला कॉर्नर निवडताच येत नाही" हे सगळेच म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. 2009 ते 2017 या काळात दरवर्षी त्यांनी किमान एक कॉर्नर घेतला आहे. काही सपशेल फसले हे खरं. सेंक्वेझ गोल्सन 2015 चा दुसऱ्या राउंडचा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी 10 इंटरसेप्शन. खांदा, मग पाय, मग मांडी, आणि बिचारा पिट्सबर्गसाठी एकही अधिकृत सामना न खेळता गेला. कॉर्टेझ ॲलनला 2014 च्या सप्टेंबरमध्ये पाच वर्षांचा करार दिला आणि त्याच हंगामात बेंचवर बसवावं लागलं. पण जे तयार झाले त्यांचं काय? कीनन लुइस 2009 चा. तीन वर्षं चुका करत शिकला, चौथ्या वर्षी खरा कॉर्नर झाला, आणि 2013 ला न्यू ऑर्लिन्सला गेला. माइक हिल्टनला कुणी ड्राफ्टच केलं नव्हतं. प्रॅक्टिस स्क्वॉडवरून वर आला, स्लॉटमधला (आतल्या बाजूच्या रिसीव्हरसमोरचा) उत्तम माणूस झाला, 2021 ला सिनसिनाटीला गेला. कॅम सटन 2017 चा. चार वर्षं वाट बघून पूर्णवेळ स्टार्टर झाला, दोन हंगाम खेळला, 2023 ला डेट्रॉइटला गेला. खुद्द वुडसनलाही 1996 नंतर जाऊ दिलं. त्याच्या 71 पैकी 33 इंटरसेप्शन पिट्सबर्ग सोडल्यानंतरच्या आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं की या टीमने कॉर्नरला डिफेन्सचा मुख्य माणूस कधी मानलंच नाही. आधी लाइन (पुढची फळी), मग लाइनबॅकर (तिच्या मागचे), मग सेफ्टी (सर्वात मागचे), आणि उरलेल्या पैशांत नि उरलेल्या पिकमध्ये कॉर्नर. जोवर हे बदलत नाही तोवर दर उन्हाळ्यात आपण दुसऱ्यांचे कॉर्नर विकत घेऊन टाळ्या वाजवत राहू. तुम्हाला काय वाटतं?

थर्डअँडलाँग

तळमळ पोचली, पण एका गोष्टीला तुम्ही हातच लावला नाहीत. हेड कोच माइक टॉमलिन 2007 ला आले. त्यांच्या हाताखाली एकाही हंगामात जिंकण्यापेक्षा हरलेले सामने जास्त झाले नाहीत, म्हणजे पिक कायम विसाच्या आसपास. अव्वल कॉर्नर पहिल्या दहा-बारात संपतात. रॅम्झी स्वतः 2016 चा पाचवा पिक. त्याच ड्राफ्टमध्ये पिट्सबर्गचा नंबर 25 वा. त्यांना हवा होता ह्यूस्टनचा विल्यम जॅक्सन, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. सिनसिनाटीने 24 व्या नंबरवर त्याला उचललं आणि यांच्या वाट्याला बर्न्स आला. यात शिकवण्याचा किंवा मानण्याचा काय दोष?

आणि डिफेन्सच्या पैशांचं म्हणाल तर पुढच्या फळीतल्या वॅट, हेवर्ड यांना पैसे दिले ते चुकलं असं म्हणायची तुमची तयारी आहे का?

पोलादपूरकर

वॅटचा एक डॉलरही कमी करू नये असंच म्हणेन. पण उशिराच्या पिकचा मुद्दा पुरत नाही. 2022 ला 20 व्या नंबरवर क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) केनी पिकेट घेतला, पुढचाच 21 वा पिक कॅन्सस सिटीने ट्रेंट मॅकडफीवर लावला. तो पुढच्याच वर्षी ऑल-प्रो, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत. 2023 ला आपला नंबर 17 वा होता. तो न्यू इंग्लंडला देऊन 14 व्या नंबरवर चढलो, ब्रॉडरिक जोन्स घेतला. न्यू इंग्लंडने आपल्याच 17 व्या पिकवर क्रिश्चन गोन्झालेझ घेतला. 2024 ला 20 व्या नंबरवर ट्रॉय फाउटानू, आणि 22 व्या नंबरवर क्विन्यॉन मिचेल फिलाडेल्फियाला. पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला पोरगा. तीन वर्षं ओळीने अव्वल कॉर्नर हाताच्या अंतरावर होता. क्वार्टरबॅक हवा होता, टॅकल (आपल्या क्वार्टरबॅकला सांभाळणारे लाइनवाले) हवे होते, मान्य. पण दर वेळी दुसरंच काहीतरी जास्त हवं असतं, हेच तर मी म्हणतोय.

डावा_कोपरा

सांगलीहून नमस्कार. कंपनीतल्या एका सहकाऱ्यामुळे दोन हंगाम फोनवर बघतोय, टीम हीच धरली आहे. मी कॉलेजात कबड्डी खेळायचो, डावा कॉर्नर. तिथे कॉर्नर चुकला की रेडर सुटला, म्हणजे सगळा भरवसा त्याच्यावर. इथेही तसंच दिसतं. पण एक कळत नाही. इतका वेगवान, इतका ताकदीचा माणूस तयार करायला चार-चार वर्षं का लागतात? लाइनबॅकर तर पहिल्या वर्षापासून खेळताना दिसतात.

मॉनरोव्हिलची_आई

@डावा_कोपरा, याचं उत्तर मी देते, कारण माझा मुलगा इथल्या हायस्कूलच्या टीममध्ये कॉर्नर खेळतो आणि गेली काही वर्षं आमच्या मागच्या अंगणात तेवढंच चालू असतं.

कबड्डीत तुम्ही रेडरच्या पायाकडे बघत पुढे झेपावता ना? इथे माणूस तुमच्या अंगावर पूर्ण वेगाने येतोय आणि तुम्ही त्याच्याकडे तोंड करून मागे मागे पळताय. तो कुठे वळणार हे त्याला आणि क्वार्टरबॅकला ठाऊक आहे, तुम्हाला नाही. तो वळला की तुम्हाला कंबर फिरवून त्याच दिशेने पुढे धावायचंय, आणि फिरताना अर्धं पाऊल जरी वाया गेलं तरी तो दोन यार्ड पुढे. मुलाचे कोच तासन्‌तास फक्त हेच करून घेतात. मागे पळ, फिर, धाव. बॉल नाही, रिसीव्हर नाही, नुसती गवतावरची रेघ. वर उठलास की संपलास, असं ओरडतात. म्हणजे मागे पळताना गुडघे वाकलेलेच हवेत. उंच झालं की कंबर अडकते.

त्यानंतरचा भाग त्याहून अवघड. रिसीव्हरला चिकटून धावताना मान वळवून बॉल कधी शोधायचा? लवकर वळलात तर वेग जातो, उशिरा वळलात तर बॉल डोक्यावरून त्याच्या हातात, आणि न वळता त्याच्यावर आदळलात तर पेनल्टी. हे शिकवून येतं, पण फार सावकाश. समोर रोज वेगळा माणूस, वेगळी सवय. आणि शिकताना केलेली प्रत्येक चूक साठ हजार लोकांसमोर टचडाउन होऊन लागते. लाइनबॅकरची चूक बहुतेक वेळा सात-आठ यार्डांवर भागते, त्याच्या मागे कोणीतरी असतं. कॉर्नरच्या मागे कोणी नसतं.

त्यामुळे या जागेला कोचइतकाच धीर लागतो, आणि तो मैदानाबाहेरच्यांनीही दाखवावा लागतो.

सीएमयू_२०१९

वा, ताई. इतक्या सोप्या शब्दांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी स्कीमचा, म्हणजे डिफेन्सच्या आखणीचा, मुद्दा मांडतो, मला तोच मूळ वाटतो. डिफेन्सचे कोच डिक लबो यांचा झोन ब्लिट्झ: काहीजण क्वार्टरबॅकवर धावून जातात (ब्लिट्झ), बाकीचे माणसाऐवजी आपापली जागा (झोन) राखतात. लबो स्वतः डेट्रॉइटचे कॉर्नर, 62 इंटरसेप्शन, हॉल ऑफ फेममध्ये. पण पिट्सबर्गमध्ये 2004 ते 2014 त्यांनी जो डिफेन्स चालवला त्यात कॉर्नरचं काम मागे उभं राहायचं, सगळं आपल्या पुढ्यात ठेवायचं, समोर पास पकडणाऱ्याला लगेच टॅकल करून (खाली पाडून) थांबवायचं. धुमाकूळ घालायला लाइनबॅकर आणि सेफ्टी पोलामालू. 2008 ला या पद्धतीने लीगमधला पहिल्या नंबरचा डिफेन्स झाला. मग कुणाला वाटेल की कॉर्नर बदलायला हवेत?

त्यातून निवडही तशीच झाली. टॅकल करणारा, धट्टाकट्टा, शिस्तीत झोनमध्ये उभा राहणारा. एकट्याने रिसीव्हरशी भिडणारा निवडलाच नाही आणि कुणाला तसं घडवलंही नाही.

पण क्वार्टरबॅक बदलले. चेंडू अडीच सेकंदांत सुटायला लागला, ब्लिट्झ पोचायच्या आत. झोनमधल्या मोकळ्या जागा रॉजर्स, ब्रेडी यांना डोळे मिटून माहीत. सुपर बोल 45 मध्ये ॲरन रॉजर्सने आपल्याविरुद्ध 304 यार्ड आणि तीन टचडाउन केले, तोच यंदा, 2025 ला, आपला क्वार्टरबॅक आहे. जानेवारी 2017 ची न्यू इंग्लंडविरुद्धची एएफसी फायनल (सुपर बोलच्या आधीचा सामना) आठवा. ब्रेडीचे 384 यार्ड. क्रिस होगन म्हणून एक रिसीव्हर, त्याला 180 यार्ड आणि दोन टचडाउन. होगन काही रँडी मॉससारखा दिग्गज नव्हता. तो झोनच्या मधोमध जाऊन उभा राहायचा आणि आसपास काळा-पिवळा शर्टच नसायचा. मी बंगळूरला होतो, पहाटे उठून बघत होतो. तिसऱ्या क्वार्टरनंतर आवाज बंद केला.

पोलादपूरकर

होगन आणि मोकळं मैदान. अगदी तेच.

पण मला त्याहून जास्त लागलेला क्षण आधीचा आहे. जानेवारी 2012, डेन्व्हर, त्यांचा क्वार्टरबॅक टिम टीबो. त्या हंगामात पासिंग यार्डांत आपला डिफेन्स लीगमध्ये पहिला होता आणि आइक टेलर आयुष्यातलं सर्वोत्तम खेळत होता. समोरच्या सर्वात मोठ्या रिसीव्हरच्या मागे सामनाभर त्यालाच पाठवत होते. सेफ्टी रायन क्लार्क सिकल सेलमुळे उंचावरच्या डेन्व्हरला खेळू शकत नव्हता. सामना बरोबरीत, ओव्हरटाइम, पहिलाच प्ले. डेन्व्हर धावणार म्हणून दोन्ही सेफ्टी पुढे सरकलेले. टीबोने बॉल रनिंग बॅकला (बॉल घेऊन धावणाऱ्याला) दिल्यासारखं केलं आणि डेमेरियस टॉमसला मधल्या भागात आडवा फेकला. टेलर त्याच्या मागे अर्धं पाऊल. आत मदतीला माणूस असता तर तिथेच थांबला असता. कुणीच नव्हतं. टॉमसने एका हाताने टेलरला ढकललं आणि साइडलाइन धरली. 80 यार्ड, 11 सेकंद, हंगाम संपला.

टेलरवर राग काढणारे त्या रात्रीही होते, आजही आहेत. लुइझियाना-लाफायेटमध्ये तो रनिंग बॅक होता. कॉर्नर म्हणून कॉलेजात जेमतेम एक हंगाम. बाकी सगळं लीगमध्ये येऊन शिकला, 12 वर्षं टिकला. बॉल हातात राहायचा नाही हे खरं, कारकिर्दीत फक्त 14 इंटरसेप्शन. पण चौथ्या राउंडच्या माणसाकडून आपण एका वुडसनचं काम करून घेत होतो. वुडसनही साध्या मुशीतला नव्हता, 110 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत जागतिक दर्जाचा धावपटू. तो 1995 च्या पहिल्याच सामन्यात गुडघा मोडून बसला तेव्हा कार्नेल लेकला सेफ्टीवरून काढून कॉर्नरला उभं केलं होतं. म्हणजे तेव्हाही मागे दुसरा तयार नव्हता.

ओहायोचा_पाहुणा

सिनसिनाटीहून. मी बेंगल्सवाला आहे हे आधीच सांगतो, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

माइक हिल्टन आमच्याकडे आला तेव्हा आम्हाला फार अपेक्षा नव्हत्या. पाच फूट नऊ इंच. पण स्लॉटमधून तो ज्या तऱ्हेने ब्लिट्झला यायचा, रनिंग बॅकला लाइनच्या मागेच गाठायचा, ते सगळं तुमच्याकडे शिकून आलेला होता. 28 नोव्हेंबर 2021 चा सामना आम्ही काही मराठी कुटुंबं मिळून स्टेडियममध्ये बघत होतो. हाफटाइमच्या जरा आधी तुमच्या क्वार्टरबॅकचा, बेन रॉथलिसबर्गरचा, पास त्याने हवेत उचलला आणि 24 यार्ड धावत टचडाउन केलं. बेनला तो सरावात चार-पाच वर्षं रोज बघत होता, तो कुठे बघतोय म्हणजे बॉल कुठे जाणार हे त्याला पाठ. 41-10 ने जिंकलो आणि त्या वर्षी सुपर बोलपर्यंत गेलो.

तुमच्या टीमला शिकवता येत नाही हे मला बिलकूल पटत नाही. हिल्टनला ज्यांनी शिकवलं त्यांना आमचा नमस्कार. तुम्ही त्याला चार वर्षांसाठी 24 दशलक्ष डॉलरमध्ये का जाऊ दिलंत, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.

थर्डअँडलाँग

त्या वर्षी सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) खाली आली होती, कोविडमुळे. बेनचाच करार कापावा लागला. नेल्सनलाही तेव्हाच सोडला. हौसेने कोणी जाऊ दिलं नाही.

पोलादपूरकर

कॅपचं खरंच आहे. पण 2013 ला कॅप तशी पडली नव्हती, तरी लुइस गेला. 2023 ला तर वाढत होती, तरी सटन गेला आणि त्याच्या जागी बत्तिशीचा पीटरसन आणला, तोही एकच हंगाम राहिला. करार संपला की स्वतःचा सव्वीस-अठ्ठावीस वर्षांचा कॉर्नर सोडायचा आणि वय झालेला, नावाजलेला आणायचा, असं वारंवार झालं आहे. सटन 2024 ला परत आला तोवर त्याची उमेदीची वर्षं सरली होती.

मॉनरोव्हिलची_आई

एक गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून लिहिते. अलिक्विपा.

पिट्सबर्गपासून वीसेक मैलांवर, ओहायो नदीच्या काठचं गाव. एकेकाळी तिथे जोन्स अँड लॉफलिनची अवाढव्य पोलाद गिरणी होती. ती बंद पडली, निम्म्याहून जास्त लोक निघून गेले, फुटबॉल तेवढा उरला. मुलाच्या सामन्यांच्या निमित्ताने तिथे जाणं होतं. मुख्य रस्त्यावर बंद दुकानांची रांग आहे, आणि टेकडीवरच्या मैदानावर शुक्रवारी संध्याकाळी अख्खं गाव.

या एका गावाने दोन कॉर्नर दिले, दोघेही हॉल ऑफ फेममध्ये. टाय लॉ आणि डॅरेल रेव्हिस. लॉला 1995 ला न्यू इंग्लंडने नेलं. रेव्हिस तर पिट्सबर्ग विद्यापीठात खेळला. म्हणजे त्याचे घरचे सामने हाइन्झ फील्डवर, स्टीलर्सच्याच मैदानात. सरावाची जागासुद्धा साउथ साइडला स्टीलर्सला लागून. स्टीलर्सचे कोच खिडकीतून बघू शकले असते. 2007 च्या ड्राफ्टला स्टीलर्सचा पिक 15 वा होता. न्यू यॉर्क जेट्स वर चढून 14 व्या नंबरवर आले आणि रेव्हिसला घेऊन गेले. आपण 15 व्या नंबरवर लॉरेन्स टिमन्स घेतला. चांगला खेळाडू, तक्रार नाही. पण रेव्हिसने पुढे समोरच्या टीमचा सगळ्यात मोठा रिसीव्हर एकट्याने बंद करायचा म्हणजे काय ते लीगला दाखवलं. हे शिकायला त्याला दूर जावं लागलं नव्हतं, ते त्याला इथेच शिकवलं गेलं होतं.

म्हणून "पिट्सबर्गच्या मातीत कॉर्नर होत नाहीत" असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं. माझा मुलगा ज्या पोरांविरुद्ध खेळतो त्यांत असे दोन-तीन तरी आहेत.

सीएमयू_२०१९

रेव्हिस एका नंबरने हुकला हे ठाऊक होतं, पण शेजारी-शेजारी सराव करायचे हे लक्षातच आलं नव्हतं. चुटपुट लागली.

याला जोडून अजून एक. 1 नोव्हेंबर 2022. त्या एका दिवशी स्टीलर्सनी दोन ट्रेड केले. एकात विल्यम जॅक्सनला वॉशिंग्टनहून आणलं, 2016 ला हुकलेला तोच. तो पिट्सबर्गसाठी एकही सामना खेळला नाही, मार्चमध्ये सोडला. दुसऱ्यात चेस क्लेपूलला शिकागोला दिलं आणि बदल्यात त्यांचा दुसऱ्या राउंडचा पिक घेतला. तो पिक झाला 32 वा, आणि त्यावर आला जोई पोर्टर ज्युनियर. जुना राहून गेलेला आणायला गेलो ते वाया गेलं, आणि पुढच्या ड्राफ्टवर भरवसा ठेवला त्यातून माणूस मिळाला.

डावा_कोपरा

पोर्टरबद्दल सांगा ना. मला तो आवडतो, पण त्याच्या नावावर पिवळा रुमाल (पेनल्टीची खूण) फार वेळा पडतो. 2024 ला सिनसिनाटीच्या सामन्यात तर पंच त्याच्याच मागे लागल्यासारखे वाटत होते.

मॉनरोव्हिलची_आई

पंचांचा दोष फारसा नाही. त्याचे हात विलक्षण लांब आहेत, आणि पहिल्या पाच यार्डांत त्या हातांनी तो रिसीव्हरला जागेवरच अडकवतो. ब्लाउंट 1978 पूर्वी करायचा तेच, पण आता पाच यार्डांनंतर सोडावं लागतं. पोर्टर सोडायला अर्धा सेकंद उशीर करतो. रिसीव्हर वळला की शर्ट मुठीत राहतो. ही सवय आहे, आणि सवय घालवता येते. पाय मंद असते तर इलाज नव्हता. त्याचे पाय चांगले आहेत.

पहिल्याच वर्षी टीमने त्याला समोरच्या एक नंबरच्या रिसीव्हरमागे पाठवायला सुरुवात केली, हे मला फार मोठं वाटलं. टेलरनंतर कोवळ्या कॉर्नरवर इतका विश्वास टाकलेला मी पाहिला नाही. बर्न्सलाही पहिल्या वर्षी खेळवलं होतं, पण त्याला एकदा चुकला की बाहेर, पुन्हा आत, पुन्हा बाहेर असं केलं. वीस वर्षांचं पोर, कॉलेजात असताना आई गेलेली, धाकट्या भावांना सांभाळायला लवकर ड्राफ्टला आलेलं. आत्मविश्वास गेला तो परत आला नाही.

थर्डअँडलाँग

बर्न्सबद्दल सहमत. आणि इथे पोलादपूरकरांच्या बाजूचा एक मुद्दा मीच देतो.

पोर्टर 32 वा पिक. एरवी 32 वा म्हणजे पहिला राउंड, आणि पहिल्या राउंडवाल्याचा करार टीमला पाचव्या वर्षापर्यंत वाढवता येतो. पण 2023 ला मायामीचा पहिल्या राउंडचा पिक शिक्षा म्हणून काढून घेतला होता, त्यामुळे पहिला राउंड 31 वरच संपला. पोर्टर दुसऱ्या राउंडचा पहिला ठरला. पाचव्या वर्षाची सोय नाही. त्याचा करार 2026 च्या हंगामासोबत संपतो. लुइस गेला तोही चार वर्षं पूर्ण झाल्यावर. जनरल मॅनेजर ओमर खान मुळात करारांचा माणूस, इतकी वर्षं टीमची कॅप त्यांनीच सांभाळली. त्यांना हे कुणी सांगायला नको. 2026 चा हंगाम सुरू व्हायच्या आत पोर्टरला बांधलं नाही, तर तुम्ही म्हणताय ते सगळं मी मान्य करेन.

पोलादपूरकर

हा पाचव्या वर्षाचा मुद्दा महत्त्वाचा काढलात. माझ्या मते थांबूच नये. आज त्याच्या नावावर पेनल्टी दिसतात म्हणून भाव थोडा उतरलेला आहे. रॅम्झी आणि स्ले शेजारी असताना समोरची टीम त्याच्याकडे जास्त बॉल टाकेल, तो जास्त शिकेल, आणि तोवर भाव दुप्पट होईल. रॅम्झीला आणण्यासाठी आपण सेफ्टी मिंका फिट्झपॅट्रिक दिला आहे, तेव्हा त्या किमतीत पोर्टरचं शिक्षणही वसूल व्हायला हवं. रॅम्झी आठवड्याला सहा दिवस त्याच्या शेजारी सराव करणार. हात कधी लावायचा आणि कधी सोडायचा हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

कोरी ट्राइसकडेही लक्ष ठेवा. 2023 चा सातव्या राउंडचा, पहिल्याच कॅम्पमध्ये गुडघा गेला होता. उंच आहे, हात लांब आहेत. त्याला वेळ दिला तर स्लेनंतर बाहेरून कोणी आणावं लागणार नाही.

डावा_कोपरा

मग पहिला सामना कधी आणि त्यात नेमकं काय बघू? टीव्हीवर तर कॅमेरा बॉलमागेच असतो, कॉर्नर दिसतच नाही.

मॉनरोव्हिलची_आई

7 सप्टेंबर 2025, जेट्सविरुद्ध, त्यांच्या मैदानात. इथे दुपारी एक, म्हणजे तुमच्याकडे रात्री साडेदहा. बॉल सुटायच्या आधीची सेकंदभर फ्रेम मिळते, तेव्हा गॅरेट विल्सन, जर्सी 5, कुठल्या बाजूला उभा आहे ते शोधा आणि त्याच्यासमोर 24 नंबर आहे का बघा. असेल तर पोर्टर किती जवळ उभा आहे ते बघा. हाताच्या अंतरावर असेल तर प्रेस, मग पहिली तीन पावलं डोळ्यांत तेल घालून बघा. सात-आठ यार्ड मागे असेल तर झोन असण्याची शक्यता जास्त. पहिल्या दोन ड्राइव्हमध्ये (आक्रमणाच्या पाळ्यांमध्ये) प्रेस किती वेळा दिसला ते इथे येऊन लिहा, मी घरी मुलासोबत मोजणारच आहे.